गोड गळ्याची कॅरन

आपल्या मंडळाचे हे पंचविसावे वर्ष. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका प्रसिद्ध स्त्रीचे चरित्र लिहावे असे कार्यवाहबाईंनी सांगितले, तेव्हा जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई ही नावे भराभर वाटली गेली. माझी पाळी आली आणि मी एका अमेरिकन गायिकेचे नाव सांगितले. सगळ्याजणी एकमेकींकडे पाहू लागल्या. मी सातवी शिकलेली. इंग्रजीचा आणि माझा संबंध औषधाच्या बाटलीवरील अक्षरांपुरता. मला ही बाई कुठे भेटली असे तुम्हाला वाटले असेल, म्हणून त्याचा खुलासा आधी करते.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी शिकण्यासाठी माझ्याकडे आली ती माझ्याकडेच राहिली. गेली सात वर्षे ती एका आजाराशी झगडते आहे. तो आजार म्हणजे अन्न न खाणे. घरात सर्व काही असून, भूक असून, न खाणे. सध्या ज्या डॉक्टरीणबाई तिला तपासतात त्यांनी एकदा मला समोर बसवून कॅरन कार्पेंटर या गायिकेची हकीकत सांगितली. पुढे शेजारच्या मुलाने तिच्याविषयी पुष्कळ वाचून मला मराठीत समजावले आणि तिची गाणीही ऐकवली. शब्द मला कळले नाहीत, पण आवाज कळला. खालच्या पट्टीतला, ऊबदार, जवळ बसून बोलल्यासारखा तो आवाज आहे.

भाचीची परवानगी घेऊनच मी हे लिहिते आहे. तिने लेख वाचला आणि त्यातील वजनाचे सगळे आकडे पेन्सिलीने खोडून टाकले. का खोडले ते पुढे येईलच.

कॅरनचा जन्म 2 मार्च 1950 रोजी अमेरिकेतील न्यू हेवन या गावी झाला. कार्पेंटर म्हणजे आपल्याकडचे सुतार. वडिलांचे नाव हॅरॉल्ड, आईचे ॲग्नेस. रिचर्ड हा भाऊ तिच्यापेक्षा साडेतीन वर्षांनी मोठा. वडील छापखान्यात काम करीत. आई मोठी टापटिपीची, घर आरशासारखे लख्ख ठेवणारी. रिचर्डची बोटे लहानपणापासून पियानोवर लीलया फिरत. हा मुलगा नाव काढणार हे घराने ठरवून टाकले होते. 1963 साली सारे बिऱ्हाड हलवून ही मंडळी लॉस एंजेलिसजवळच्या डाउनी या गावी आली, त्यामागे मुलाच्या संगीताला वाव मिळावा हाही मोठा हेतू होता. मुलगी आपली बरोबर आली. आपल्या घरांतून हे चित्र काही अनोळखी नाही.

शाळेत कॅरनला कवायतीचा कंटाळा. ती चुकवावी म्हणून ती शाळेच्या वाद्यवृंदात शिरली. तिथे मिळालेले वाद्य तिला आवडेना. एक मुलगा ड्रम वाजवीत असे, तो पाहून तिने हट्ट धरला की मला हेच वाजवायचे आहे. मुलीने ड्रम वाजवणे त्या काळी अमेरिकेतही नवलाचे होते. पण आईवडिलांनी ड्रम घेऊन दिले आणि बघता बघता तिचा हात असा बसला की जाणकार मान डोलवू लागले. गाणे नंतर आले. आपण मुळात ड्रम वाजवणारी, गाणे हे वरचे काम, असेच ती शेवटपर्यंत समजत असे.

भावाबहिणींनी आणखी एका मित्राला घेऊन 1966 साली हॉलिवूड येथील मोठ्या स्पर्धेत बक्षीस मिळवले. एप्रिल 1969 मध्ये एका नामांकित ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांच्याशी करार केला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे एक गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. कॅरन तेव्हा वीस वर्षांची. 1971 साली दोघांना ग्रॅमी हा मानाचा पुरस्कार मिळाला. 1973 साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासमोर व्हाइट हाऊसमध्ये त्यांचे गाणे झाले. इंग्लंड, जपान, जिकडे जातील तिकडे गर्दी.

मात्र एक गोष्ट घडली. ड्रमच्या मागे बसून गाणाऱ्या मुलीला लोकांनी पुढे आणले. चेहरा दिसत नाही, तू पुढे उभी राहून गा, असा आग्रह सुरू झाला. ड्रम हा तिचा आडोसा होता, तो गेला. आता हजारो डोळ्यांसमोर आपण नखशिखांत उभे आहोत ही जाणीव तिला रोजची झाली.

वजनाची चिंता त्याआधीच लागलेली होती. 1967 साली, सतरा वर्षांची असताना, तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने एक आहार सुरू केला होता. थोडी स्थूल होती, ती प्रमाणात आली. तिथे थांबली असती तर आज हा लेख मला लिहावा लागला नसता. पुढे 1973 च्या सुमारास रंगमंचावरील स्वतःचे एक छायाचित्र तिच्या पाहण्यात आले आणि आपण जाड दिसतो हे तिच्या मनाने घेतले. व्यायाम शिकवणारा ठेवला, तर अंग भरले. तिने त्यालाच काढून टाकले आणि आपल्या पद्धतीने खाणे कमी करायला लागली. बारीक होऊ लागली तशी लोक तारीफ करू लागले. तारीफ झाली तशी ती आणखी बारीक होऊ लागली.

इथे माझ्या घरातील गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या मुलीने प्रथम सोमवार धरला. मग गुरुवार, मग चतुर्थी, एकादशी. मला कौतुक वाटले. आजकालच्या मुली देवाचे काही करीत नाहीत आणि आमची बघा, असे मी चारचौघींत सांगितले. उपासाला ती साबुदाण्याची खिचडीही घेत नसे, नुसते ताक. तेही पुढे सुटले. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणत, किती छान बारीक झाली आहे, काय करतेस आम्हालाही सांग. मला वाटे हे वय आहे, नटण्याचे दिवस आहेत. देवाच्या नावाआड आजार येऊन बसला आहे हे ओळखायला मला दीड वर्ष लागले.

कॅरनच्या घरच्यांनाही असाच वेळ लागला. जेवायला बसली की ती ताटातील पदार्थांचे बारीक तुकडे करी, इकडून तिकडे सारी, आणि हे चाखून बघा, ते चाखून बघा म्हणत आपले ताट दुसऱ्यांच्या तोंडी रिकामे करी. हे ऐकले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडेही भाकरीचे तुकडे वाटीखाली सापडत. आणि नवल असे की ही मुलगी इतरांसाठी तासन्‌तास स्वयंपाक करी. पुरणपोळ्या अशा करी की काय सांगू! स्वतः मात्र वासही घेत नसे.

1975 साल उजाडले तेव्हा कॅरन मंचावर आली की प्रेक्षक दचकत. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात ती आडवी पडून असे. नाव पुकारले की उठे, सुरेल गाई आणि पुन्हा येऊन पडे. त्या वर्षी शेवटी शरीराने हात टेकले. रुग्णालयात न्यावे लागले. इंग्लंडचा आणि जपानचा दौरा रद्द झाला, हजारो तिकिटांचे पैसे परत करावे लागले. आईने घरी नेऊन झोपवले, खाऊ घातले, अंगावर थोडे मांस आले. सगळ्यांना वाटले, थकवा होता, गेला. ती पुन्हा कामाला लागली. आजार तिच्याबरोबरच कामाला लागला.

हा आजार आहे तरी काय? नावाने तो ॲनोरेक्सिया नर्व्होसा. 1873 साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी हे नाव वापरले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या लासेग नावाच्या डॉक्टरांनीही याच आजाराचे वर्णन लिहिले. म्हणजे दीडशे वर्षांवर झाली, हे काही सिनेमाच्या काळाचे खूळ नव्हे. नावाचा अर्थ मज्जातंतूंमुळे भूक जाणे असा, पण तो तितकासा बरोबर नाही असे आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भूक जात नाही. भूक असते आणि रोगी तिला रात्रंदिवस दाबून ठेवतो. आरशात हाडे दिसत असली तरी त्याला मन सांगते की तू जाड आहेस.

बाकीच्या दुखण्यांत रोगी म्हणतो, मला बरे करा. या दुखण्यात रोग्याला आजार आपला वाटतो. तोच आपला एकमेव सखा, तोच आपला पराक्रम. तो काढू पाहणारा वैरी वाटतो. डॉक्टरांच्या वाटेतली पहिली धोंड ती हीच. 1981 साली लंडनमध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत कॅरनला या आजाराबद्दल सरळ विचारले, तेव्हा तिने साफ नाकारले. आपण नुसत्या थकलो होतो असे सांगितले. ती खोटे बोलत होती असे मी म्हणणार नाही. आजार तिच्या तोंडून बोलत होता.

दुसरी अडचण अशी की उपाशी मेंदू नीट विचार करू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा येथे छत्तीस धडधाकट तरुणांनी आपणहून सहा महिने अर्धपोटी राहून दाखवले. उपासमारीने शरीरावर काय होते आणि ते पुन्हा कसे भरून काढावे हे पाहण्यासाठी तो प्रयोग होता. पण शरीराबरोबर त्यांची मनेही बदलली. ते चिडके, उदास झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करीत, पाककृतींची पुस्तके वाचीत बसत, एकेक घास बराच वेळ चघळीत. त्यांना मुळात कोणताही मनाचा आजार नव्हता. म्हणजे मन बिघडल्याने उपास आणि उपासाने मन आणखी बिघडणे, असे हे जाते फिरत राहते. समजूत घालावी तर समजूत घेणारे मन उपाशी. जेवू घालावे तर मन नको म्हणते.

1980 साली कॅरनचे लग्न झाले. तिला संसाराची, मुलाबाळांची फार हौस होती. पण सव्वा वर्षातच दोघे वेगळे झाले. त्याआधी तिने भावाशिवाय स्वतंत्र गाण्यांची एक ध्वनिमुद्रिका न्यूयॉर्कला जाऊन मोठ्या उमेदीने तयार केली होती. ती कंपनीने बाजारात आणली नाही. ती निघाली 1996 साली, तिच्या मागे. एकामागून एक अशी दारे बंद झाली आणि उरला तो आजार. आमच्याकडेही वडीलधाऱ्यांनी सुचवले होते की मुलीचे लग्न करून द्या, आपोआप सुधारेल. कॅरनची हकीकत कळल्यावर मी त्या सर्वांना हात जोडले.

अखेर कॅरनने स्वतःच उपचार घ्यायचे ठरवले. ही फार मोठी गोष्ट आहे, आपण तिला विसरू नये. 1982 च्या जानेवारीत ती घरदार सोडून न्यूयॉर्कला एका हॉटेलात जाऊन राहिली. या आजारावर पुस्तक लिहिलेल्या एका मानसोपचार करणाऱ्या गृहस्थांकडे ती आठवड्यातून पाच दिवस एकेक तास बसे. तिथे हळूहळू बाहेर आले की नुसते न खाणेच नव्हे, तर वजन उतरावे म्हणून ती निरनिराळी औषधेही भलत्या प्रमाणात घेत होती. कोणती आणि किती, हे मला ठाऊक असूनही लिहीत नाही. ही स्मरणिका घरोघरी मुली वाचतील. भाचीने आकडे खोडले ते याचसाठी. ती म्हणाली की या आजाराच्या मुलीला असा आकडा दिसला की तिला त्यात धोक्याची सूचना दिसत नाही, त्याच्याही खाली जाण्याची चढाओढ दिसते.

एकदा त्या गृहस्थांनी आईवडिलांना आणि भावाला बोलावून घेतले आणि मुलीवरचे प्रेम तिला शब्दांनी सांगा असे सुचवले. ॲग्नेसबाईंना ते जड गेले. त्यांच्या घरची तशी रीतच नव्हती. यावरून पुष्कळांनी त्या माउलीला दोष दिला आहे. मी देणार नाही. आपल्यापैकी किती जणींनी मुलीला जवळ घेऊन, तू मला हवी आहेस, असे शब्द उच्चारले आहेत? आपण विचारतो, जेवलीस का? आपले सारे प्रेम त्या एका प्रश्नात असते. आणि ज्या मुलीला अन्नाचेच भय वाटते, तिच्या कानाला तोच प्रश्न चाबकासारखा लागतो. अशा वेळी आईने काय करावे? मला हे कळायला फार दिवस लागले. आईमुळे हा आजार होतो ही जुनी समजूत आता डॉक्टर मानीत नाहीत. काही अंशी तो अंगातच उतरलेला असतो, काही अंशी भोवतालच्या जगामुळे वाढतो.

एवढे करूनही कॅरनचे वजन वाढेना. सप्टेंबर 1982 मध्ये चक्कर येऊ लागली, हृदयाचे ठोके चुकू लागले. तिला न्यूयॉर्कच्या लेनॉक्स हिल रुग्णालयात ठेवले. छातीजवळच्या मोठ्या शिरेतून नळीने अन्नरस देऊ लागले. नळी घालताना फुप्फुसाला इजा झाली, तेही तिने सोसले. पलंगावर बसून ती भरतकाम करीत असे. आपल्या उपचारकांसाठी तिने एक कापड भरले आणि त्यात तुमची सरशी झाली, माझे वजन वाढले अशा अर्थाची थट्टा सुईदोऱ्याने लिहिली. भरतकामाच्या वर्गात बसले की मला त्या कापडाची आठवण होते.

काही आठवड्यांत वजन खरोखरच पुष्कळ वाढले. नोव्हेंबरमध्ये तिला घरी सोडले. आपण बऱ्या झालो असे तिने सर्वांना सांगितले आणि न्यूयॉर्कचे उपचार आटोपते घेऊन ती कॅलिफोर्नियाला परतली. इतका जुना आजार एका वर्षात जात नाही, उपचार आणखी चालू ठेवावेत, असे सांगूनही तिचे मन वळले नाही. डिसेंबरात एका शाळेत लहान मुलांसमोर ती नाताळची गाणी गायली. लोकांसमोरचे तिचे ते शेवटचे गाणे.

4 फेब्रुवारी 1983 ची सकाळ. कॅरन आदल्या रात्री डाउनीला आईवडिलांकडेच झोपली होती. सकाळी खाली येऊन तिने कॉफीचे यंत्र लावले आणि कपडे करायला वर गेली. बराच वेळ झाला, मुलगी खाली येईना म्हणून आई वर गेली, तर कपड्यांच्या खोलीत ती जमिनीवर पडलेली. रुग्णालयात नेले, पण उपयोग झाला नाही. वय बत्तीस. तेहतिसाव्या वाढदिवसाला महिनाही उरला नव्हता.

वर्षानुवर्षांच्या उपासमारीने तिचे हृदय पोखरले होते. उलटी करवणाऱ्या एका औषधाचाही हृदयावर परिणाम झाला होता असे सरकारी तपासणीत निघाले. घरच्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. अंगावर मांस आले म्हणजे आतले हृदय सावरले असे नाही, आणि वजन वाढले म्हणजे मन सुधारले असेही नाही, हे मात्र त्या दिवशी सगळ्या जगाला कळले. तोवर या आजाराचे नावही फार थोड्यांना ठाऊक होते. तिच्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रांतून त्यावर लिहून येऊ लागले, आयांनी आपल्या मुलींकडे नीट पाहिले, कित्येक मुली वेळेवर डॉक्टरांकडे पोहोचल्या. घरच्यांनी तिच्या नावे निधी उभारून या आजाराच्या संशोधनाला मदत केली.

आमच्या घरी कॅरनच्या गोष्टीतील एक प्रकरण जसेच्या तसे घडून गेले होते. पहिल्यांदा भाचीला एका रुग्णालयात ठेवले, तेव्हा नळीने अन्न देऊन वजन वाढवले आणि बरी झाली म्हणून घरी पाठवले. पुढे काय करायचे, कोणाकडे दाखवायचे, हे कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही. मी पेढे वाटले. दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. मग मी रागावले, रडले, पायाशी बसून घास भरवले, नवस बोलले, दृष्ट काढली. एकदा हात उगारला, त्याची लाज मला अजून वाटते.

सध्याच्या डॉक्टरीणबाईंनी जे शिकवले ते थोडक्यात सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. हा आजार केवळ गोळ्यांनी बरा होत नाही. मुलगी लहान असेल आणि आजार नवा असेल, तर आईबापांनी जेवणाची सूत्रे हाती घेऊन चांगला गुण येतो. लंडनच्या डॉक्टरांनी 1987 साली हे दाखवून दिले. ज्या मुलींना एकोणीस वर्षांच्या आत आजार लागला आणि तीन वर्षेही झाली नव्हती, त्यांना या रीतीने जास्त फायदा झाला. म्हणून पहिल्या खुणेलाच डॉक्टर गाठावा. पाळी बंद होणे, सारखी थंडी वाजणे, केस गळणे, जेवताना सबबी सांगणे, जेवण होताच न्हाणीघरात जाऊन कोंडून घेणे या त्या खुणा.

आजार जुना झाला की वाट बदलते. उपाशी देहाला एकदम ताटभर अन्न घालणे हेही घातक. रक्तातील क्षार झपाट्याने उतरून हृदय बंद पडू शकते. महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली उपाशी माणसे अशीच जेवून दगावली होती. म्हणून थोडे थोडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवावे लागते. रक्ताची आणि हृदयाची तपासणी ठराविक दिवसांनी करावी लागते. आमची भाची काट्याकडे पाठ करून उभी राहते आणि वजन फक्त डॉक्टरीणबाई पाहतात. नाडी आणि रक्त ठरलेल्या रेषेच्या खाली गेले की वाद न घालता रुग्णालयात भरती व्हायचे, हे तिने स्वतः कबूल केले आहे. रेषेच्या वर आहे तोवर तिने शिवणकामाच्या वर्गाला जावे, मैत्रिणींत मिसळावे, आयुष्य आजाराहून मोठे करावे. जेवणाची वेळ घड्याळाप्रमाणे. जेवताना अन्नाविषयी बोलायचे नाही. जेवणानंतरचा तास मी तिच्याजवळ बसते. आम्ही मेथी निवडतो नाहीतर पत्ते खेळतो. त्या तासात तिच्या मनात काय वादळ उठते ते तिचे तिलाच ठाऊक.

सात वर्षे झाली, आता कसली आशा, असे मी एकदा म्हणाले. त्यावर डॉक्टरीणबाईंनी बोस्टनच्या डॉक्टरांनी केलेली पाहणी सांगितली. तेथे या आजाराच्या स्त्रियांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा भेटून विचारपूस केली. नऊ वर्षांनी पाहिले तेव्हा शंभरांत सुमारे एकतीसच बऱ्या झालेल्या होत्या. पण बावीस वर्षांनी पाहिले तेव्हा हा आकडा बासष्ट-त्रेसष्टवर गेला होता. म्हणजे नऊ वर्षांनी ज्यांच्यावर पाणी सोडले असते, त्यांतल्या कितीतरी पुढे उठून उभ्या राहिल्या. हा आकडा मात्र भाचीने खोडला नाही. त्याखाली तिने रेघ ओढली.

कॅरनला ती बावीस वर्षे मिळाली नाहीत. तिच्याजवळ पैसा होता, कीर्ती होती, शेवटी शेवटी बरे होण्याची इच्छाही होती. कमी पडला तो काळ. आजार लपवण्यात सात-आठ वर्षे गेली आणि उपचाराला एक वर्षही धड मिळाले नाही. तिच्या चरित्रातून मी एवढे घेतले की घाई करायची नाही आणि हातही सोडायचा नाही.

भगिनींनो, आता मंडळापाशी एक मागणे. आपल्या हळदीकुंकवाला, भोंडल्याला, सहलीला पोरीबाळी येतात. त्यांच्या अंगलोटाविषयी आपण बोलू नये. जाडी झालीस नको आणि छान बारीक झालीस तर मुळीच नको. नवे काय शिकलीस, गाणे म्हणतेस का, असे विचारावे. कुणाच्या घरी अशी मुलगी असेल तर ती हट्टी, नखरेल अशी कुजबूज न करता त्या घरच्या बाईजवळ घटकाभर बसावे. ती फार दमलेली असते. आणि कुणाला विचारायचे कळत नसेल तर सरकारची मनाच्या दुखण्यांसाठी 14416 या क्रमांकावर विनामूल्य सोय आहे, मराठीतही बोलता येते.

गेल्या दिवाळीत फराळाला आम्ही सगळे बसलो, तेव्हा भाची आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या ताटलीत काय होते आणि तिने किती खाल्ले ते मी पाहिले नाही. न पाहणे मला आता थोडे थोडे जमू लागले आहे. मागे शेजारच्या मुलाने कॅरनचे गाणे लावले होते.